आखाजीचे पत्ते आणि बदामाचा हिशोब

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी चोपड्याजवळच्या माहेरी जाते. लिंबाला झोके, ओट्यावर दादाचा तीनपत्तीचा डाव. गेल्या वर्षी पुण्याहून आलेल्या भाच्याने पोकर मांडलं, टेक्सास होल्डेम, आणि मी झोका सोडून तिथेच बसले. तीनपत्तीत हाती आलं ते आलं. इथे हातात दोन पानं, मग मध्ये तीन, मग एक, मग शेवटचं एक. दर पानाला मोजायला वाव. पैज मात्र शेंगदाण्यांची. पैसे मी लावू देत नाही.

समजा हातात बदामाची दोन पानं आहेत आणि मधल्या तिनांत बदामाची दोन. आणखी एक आलं की फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पानं. कॅटात बदाम तेरा, चार दिसली, उरली नऊ. न पाहिलेली पानं ५२ वजा ५, म्हणजे ४७. पुढचं पान बदाम असण्याची शक्यता ९/४७, साधारण १९ टक्के.

इथे दादा अडवतोच. "अगं, त्यातली काही आमच्या हातात असतील ना!" असतील. पण दादाच्या मुठीतलं बदाम आणि कॅटाच्या तळाचं बदाम, माझ्यासाठी दोन्ही सारखीच न दिसलेली. म्हणून भाग ४७ नेच द्यायचा. माझ्या शिकवणीतल्या मुलांनाही हेच पटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आता किंमत. मध्ये ४० दाणे होते, दादाने २० टाकले. टिकायला तुम्हालाही २० लागतात. ढीग होईल ८०, त्यात तुमचे २०, म्हणजे पाव हिस्सा. निदान २५ टक्के शक्यता हवी, हातात आहे १९. पॅक करा, म्हणजे पानं टाकून डाव सोडा. (बदाम आल्यावरही दादा भरपूर दाणे लावेल अशी खात्री असेल, तरच थांबून विचार करा.)

पण ते २० दादाचे शेवटचेच दाणे असतील तर? मग पुढे आणखी काही लावावं लागत नाही, त्याच किमतीत उरलेली दोन्ही पानं बघायला मिळतात. दोन्ही वेळा बदाम न येण्याची शक्यता ३८/४७ गुणिले ३७/४६, म्हणजे ६५ टक्के. येण्याची ३५. तीच पानं, तेच २० दाणे, आणि आता टिकायचं! हे पहिल्यांदा मांडून पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

घाईत असाल तर उपयोगी पानं मोजा. एक पान यायचं असेल तर दुप्पट, दोन यायची असतील तर चौपट, तेवढे टक्के धरा. सलग पाच पानं जुळवायची आहेत आणि ५-६-७-८ अशी सलग चार असतील तर उपयोगी पानं आठ, चार चौके आणि चार नव्वे. ५-६-८-९ असेल तर फक्त चार सत्ते, एका पानाला नऊ टक्क्यांहूनही कमी. तिथे मी बहुतेकदा पॅक करते.

विश्वास बसत नसेल तर बदामाची चार आणि दुसरं एक पान बाजूला काढा. उरलेली ४७ पिसा, दोन ओढा, बदाम आलं का ते वहीत लिहा, पानं परत मिसळा. असं पन्नास वेळा. खुणा सतरा-अठराच्या आसपास येतील. एखाद्या दिवशी बारा, एखाद्या दिवशी तेवीसही.