स्कुबासाठी फिन्स घेताय? आधी पाय बघा, ब्लेड नंतर. या चुका टाळा

पावसाळा संपला की नाशकातून मालवण, गोवा, अंदमानकडे जाणाऱ्यांची तयारी सुरू होते आणि ज्यांनी ओपन वॉटर कोर्स (स्कुबाचा पहिला सर्टिफिकेट कोर्स) केलाय किंवा यंदा करायचाय त्यांचा ठरलेला प्रश्न येतो, दादा फिन्स (पोहताना पायात घालायची वल्ही) कोणते घेऊ? सोबत एक फोटो असतो आणि त्या फोटोत ब्लेड, म्हणजे पुढचं पातं, झळकत असतं, लांबच्या लांब, दोन रंगात, मध्ये चीर असलेलं. पाय जिथे जातो तो भाग, म्हणजे फूट पॉकेट, फोटोत धड दिसतही नाही. आणि पाण्याखाली जो काही त्रास होतो ना, त्यातला निम्म्याहून जास्त तिथूनच सुरू होतो असं माझं ठाम मत आहे.

त्याआधी एक गोष्ट. मालवणला बोटीने नेऊन इन्स्ट्रक्टर धरून खाली नेतो ते स्कुबा करायचं असेल तर फिन्स विकत घेऊच नका, तिथे बऱ्याचदा तुम्हाला फिन्स घालायलाही देत नाहीत, सगळी किक तो इन्स्ट्रक्टरच मारतो. कोर्स करणार असाल तरी कोर्सच्या फीमध्ये सहसा फिन्स वापरायला मिळतात, ते आधी वापरा. दोन-तीन प्रकार पायात घालून पाण्यात उतरल्यावर आपल्याला काय टोचतंय आणि काय जमतंय हे कळतं, मग पैसे घाला. स्वतःच्या मापाचा मास्क मात्र आधी घेतलात तरी चालेल.

चपलेच्या नंबरावर ऑर्डर करणं

नाशकात डायव्हिंगचे फिन्स हातात घेऊन, घालून बघायला मिळणं अवघड, त्यामुळे बहुतेक जण ऑनलाईन मागवतात आणि नेहमीच्या बुटाचा नंबर टाकून मोकळे होतात. इथेच गडबड होते. फिन्स दोन प्रकारचे असतात. फुल फूट, म्हणजे टाच पण आत जाते, अनवाणी किंवा पातळ सॉक्स घालून वापरायचे. आणि ओपन हील, म्हणजे टाच उघडी, मागे स्ट्रॅप, आणि आत निओप्रिनचे (फोमसारख्या मऊ रबराचे) डायव्हिंग बूट. ओपन हील घेत असाल तर आधी बूट घ्या, मग त्या बुटासकट फिनचं माप बघा, कारण ३ मिमीचा बूट आणि ५ मिमीचा बूट यांनी पाय वेगवेगळा जाड होतो, अनवाणी पायाने बरोबर वाटलेलं मीडियम बुटात शिरतच नाही. आणि प्रत्येक कंपनीचं मीडियम वेगळं असतं, एकीचा एल म्हणजे दुसरीचा एम निघतो, म्हणून त्या मॉडेलचा साईझ चार्ट बघितल्याशिवाय बटण दाबू नका.

पार्सल आलं की टॅग काढायच्या आधी हे करा. संध्याकाळी करा, दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा. बूट ओला करून घाला, खुर्चीत बसा, फिन चढवा, स्ट्रॅप ओढा, आणि पाय उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे जोरात हलवा. ब्लेड पायासोबत लगेच फिरायला हवं. आधी पाय फिरला आणि मग मागून ब्लेड आलं तर पॉकेट ढिलं आहे. आता बोटं हलवून बघा, ती हलली पाहिजेत, आत मुडपून बसता कामा नयेत. मग तसंच दहा मिनिटं बसून राहा, टीव्ही बघा, फोन बघा. पॉकेटची वरची कड पायाच्या उंचवट्यावर रुतत असेल तर तेवढ्यात मुंग्या यायला लागतात, आणि ज्याला सोफ्यावर मुंग्या येतात त्याला पाऊण तासाच्या डाईव्हमध्ये पाय बधिर होणार हे नक्की. फुल फूट असेल तर पाय ओला करून घाला, पाण्यात ते अजून थोडं सैल वाटतं हे लक्षात ठेवा, आणि पुढच्या उघड्या जागेतून बोटांची टोकं किंचित दिसली तर घाबरू नका, ते चालतं.

उभं राहून बघायचं असेल तर भिंत धरून सपाट फरशीवर उभे राहा, पण घरभर चालू नका, पडाल तर पडाल आणि ब्लेडलाही ते चांगलं नाही.

"वर्षभरात पाय वाढेल" म्हणून मुलांना एक नंबर मोठा घेणारे पालक बघितलेत. कृपया नका घेऊ. ढिल्या सँडलमध्ये ब्रह्मगिरीची फेरी मारल्यावर टाचेचं जे होतं तेच इथे होतं, फक्त खाऱ्या पाण्यात फोड जास्त झोंबतो.

कुठे उतरणार हे न बघता प्रकार निवडणं

कोमट पाणी आणि बोटीवरून उडी असेल, तर फुल फूट मस्त, हलके, स्वस्त, स्ट्रॅप तुटायची भानगड नाही. पण किनाऱ्यावरून चालत उतरायचं असेल, उदाहरणार्थ अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर दोन नंबर बीचवरचं नेमो रीफ, तर ओहोटीला पायाखाली दगड आणि मेलेलं कोरल लागतं, तिथे बूट असलेला माणूस निवांत चालत जातो आणि अनवाणी माणूस कसरत करतो. एकच जोडी घ्यायची आणि सगळीकडे वापरायची असेल तर मी ओपन हीलच सांगेन.

लांब म्हणजे जोरात, हा समज

सातपूरच्या एका मित्राने फ्रीडायव्हिंगचे लांब फिन्स घेतले, दिसायला एकदम भारी. ते फिन्स एका श्वासात सरळ खाली जाऊन वर येण्यासाठी बनवलेले असतात. स्कुबात पाठीवर सिलेंडर, अंगात बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट), हळूहळू आडवं पोहायचं, मध्येच जागेवर वळायचं, त्या लांब ब्लेडने वळताना बाजूचा माणूस आणि खालचं कोरल दोघांनाही फटका बसतो. छोट्या बोटीत तर ते ठेवायचे कुठे हाच प्रश्न. उलट बाजूला स्नॉर्कलिंगचे आखूड मऊ फिन्स, त्यांनी सिलेंडरसकट पुढे सरकायला जीव काढावा लागतो.

मधे चीर असलेले स्प्लिट फिन्स गुडघ्याला हलके वाटतात, साध्या वर-खाली किकला छान चालतात, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जरूर वापरून बघावेत. पण फ्रॉग किक (बेडकासारखी बाजूला मारायची), मागे सरकायची किक, जागेवर वळणं हे त्यांनी नीट जमत नाही. आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पाणी बरेचदा गढूळ, तळाशी गाळ, तिथे फ्रॉग किक आली तर गाळ कमी उडतो आणि तुमचं आणि मागून येणाऱ्या सगळ्यांचं भलं होतं. म्हणून पहिली जोडी साधी पॅडल (चीर नसलेलं सलग ब्लेड), मध्यम कडक, हेच घ्या.

पोटरीत गोळा का येतो

गोळा आला की सगळे म्हणतात फिन्स कडक आहेत. असू शकतं. पण आधी बाकीचं तपासा. पॉकेट ढिलं असेल तर फिन निसटू नये म्हणून आपण नकळत बोटं आवळून धरतो, पूर्ण डाईव्हभर, आणि मग तळव्यात किंवा पोटरीत गोळा येतो. म्हणजे दोष मापाचा आणि शिव्या ब्लेडला. तळव्यात येत असेल तर मला पहिला संशय मापाचाच येतो. दुसरं, पाणी कमी पिणं, बोटीत उलटी होईल म्हणून सकाळपासून घोटभर पण न पिता येणारे खूप असतात. तिसरं, सायकल मारल्यासारखी किक, गुडघा पोटाकडे घ्यायचा आणि खाली ढकलायचा. त्यात मेहनत होते, पुढे काहीच जात नाही. किक मांडीतून, कमरेपासून यायला हवी, गुडघा थोडासाच वाकलेला.

हे ओळखायला समुद्र लागत नाही. नाशिकचा सावरकर जलतरण तलाव असो नाहीतर तुमच्या जवळचा कुठलाही जलतरण तलाव, फिन्स वापरू देतात का ते आधी विचारा, गर्दी नसलेली वेळ बघा, आणि कोणाला तरी बाजूने तुमची किक बघायला सांगा. सावकाश काही चकरा मारा. फक्त एवढं ध्यानात ठेवा की तलावात अंगावर सामान नसतं, समुद्रात सिलेंडर, बीसीडीमुळे पाण्याचा अडथळा वाढतो, त्यामुळे तलावातच पोटरी भरून आली तर ते ब्लेड तुमच्यासाठी कडक आहे, बदला. धरणात किंवा गोदावरीत जाऊन हा प्रयोग अजिबात करू नका.

आणि खाली असताना गोळा आलाच तर थांबा, बडीला (सोबतच्या जोडीदाराला) खूण करा, फिनचं टोक हाताने धरून स्वतःकडे ओढा आणि गुडघा हळूहळू सरळ करा. पोटरी ताणली गेली की सुटतो. लगेच जोरात किक मारू नका, परत येतो.

पाय वर तरंगतात किंवा खाली लटकतात

काही प्लास्टिक फिन्स पाण्यात तरंगतात, रबरचे जड फिन्स बुडतात. १९६० च्या दशकात आलेला जेट फिन हा असाच जड रबरचा, आजही लोक आवडीने वापरतात, खासकरून थंड पाण्यात ड्रायसूट (पाणी आत न येणारा, आत हवा असलेला सूट) घालणारे, कारण त्यांच्या पायाकडे हवा जाते आणि पाय वर उचलले जातात. आपल्याकडे पातळ वेटसूटमध्ये तेच फिन्स घातले तर काहींचे पाय खाली जातात आणि तळाची माती ढवळत जातात. तसं होत असेल तर फिन्स बदलायच्या आधी बुडण्यासाठी लावलेली शिशाची वजनं थोडी वर सरकवून बघा, कमरेऐवजी सिलेंडरच्या पट्ट्याला. पाय वर जात असतील तर उलटं करा. विमानात सामान सहसा १५ किलोच चालतं, तिथेही जड रबरची जोडी महाग पडते.

घरी आणल्यावर

डाईव्ह झाली की गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. गॅलरीत ब्लेडच्या टोकावर उभे करून ठेवू नका, तिथेच वाकतात आणि मग एक पाय एकीकडे ओढतो. आडवे ठेवा किंवा स्ट्रॅपने टांगा. फुल फूटच्या आत येणारा प्लास्टिकचा साचा कचरा समजून फेकू नका, तोच पॉकेटचा आकार टिकवतो. एप्रिल-मे मध्ये गाडीच्या डिकीत तर मुळीच नको, नाशिकचं ऊन आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी रबरचा स्ट्रॅप हाताने ताणून बघा. ताणल्यावर बारीक चिरा दिसल्या तर तो बोटीत चढवताना तुटणार. बदला, आणि एक जादा बॅगेत टाका, किंवा स्टीलच्या स्प्रिंगचा स्ट्रॅप लावून घ्या, फक्त तुमच्या मॉडेलच्या खाचेत तो बसतो का ते विचारून.