मॉरिशसला जाताय? किनारा सोडून आत शिरताना या चुका टाळा

ओळखीतलं कुणी मॉरिशसला निघालं की मला फोन येतो, आणि पुढचा बेत मला न ऐकताच माहीत असतो. सात दिवस, एकच रिसॉर्ट, एक दिवस ‘साउथ टूर’, एक दिवस बोटीने शेजारच्या बेटावर, उरलेला वेळ पाण्यात. परत आल्यावर हीच माणसं म्हणतात, “सुंदर आहे गं, पण चौथ्या दिवशी कंटाळा आला.” मला याचा मनापासून राग येतो. कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज जिथे आजही जाखडी नाचतात, जिथे गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, त्या देशात चार दिवसांत कंटाळा आला याचा अर्थ एवढाच, की तुम्ही किनाऱ्यावरून उठलाच नाहीत.

मी चार वेळा जाऊन आले आहे. खालच्या चुकांपैकी निम्म्या माझ्या स्वतःच्या आहेत, बाकीच्या दरवर्षी दुसऱ्यांना करताना बघते.

रविवारी पोर्ट लुई

ही चूक सगळ्यात वर, कारण ती निस्तरायला मला तीन वर्षं लागली.

माझ्या सासऱ्यांच्या घरात एक गोष्ट पूर्वीपासून सांगितली जाते. घरातला एक धाकटा मुलगा मुंबईला गेला, तिथून बोटीत बसला आणि परत आला नाही. पहिल्या सहलीला सासरे आमच्याबरोबर आले ते एवढ्यासाठीच. त्यांना समुद्रात डुंबायचं नव्हतं, त्यांना आप्रवासी घाट बघायचा होता.

हा घाट म्हणजे राजधानी पोर्ट लुईच्या बंदरालगतचं जुनं उतारू ठाणं. १८३५ मध्ये बेटावरची गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडू लागली. त्याच्या आधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलास’ नावाच्या जहाजातून ३६ हिंदुस्थानी मजूर करारावर इथे उतरले होते. १९२० पर्यंत अशा माणसांची संख्या पाच लाखांच्या घरात गेली. पुढे उभारलेल्या या ठाण्यात उतरलेल्यांना दोनेक दिवस ठेवत, नोंद करत, नंबर देत आणि मळ्यांवर पाठवत. त्या वास्तूतला निम्म्याहून कमी भाग आज शिल्लक आहे, पण बोटीतून उतरलेली माणसं ज्या सोळा दगडी पायऱ्या चढून आत आली त्या अजून जागच्या जागी आहेत. २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे.

आता माझी चूक. शनिवारी हवा चांगली होती म्हणून मी सगळ्यांना बोटीच्या सहलीला नेलं आणि पोर्ट लुई रविवारवर ढकललं. राजधानीचं शहर आहे, रविवारी काय बंद असणार, असं मी धरून चालले. आम्ही पोचलो तेव्हा घाटाचं फाटक बंद होतं. रस्ते सामसूम, दुकानं बंद, मुख्य बाजारातले विक्रेते दुपारचं आवरत होते. सोमवारी पहाटे आमचं विमान होतं. सासरे काही बोलले नाहीत. फाटकाच्या गजांतून आत बघत दहा मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, “चला, ऊन फार आहे.” ते वाक्य मला अजून बोचतं.

तीन वर्षांनी परत गेलो तेव्हा मंगळवार निवडला, सहलीचा दुसराच दिवस. सासऱ्यांनी पायऱ्यांजवळ चपला काढल्या. मी तोवर त्या जागेला ‘स्मारक’ म्हणत होते, त्यांच्यासाठी ते कुणाचं तरी दार होतं.

म्हणून माझा नियम आता पक्का आहे. पोर्ट लुईचा दिवस कामाचाच वार आणि सहलीच्या पहिल्या अर्ध्यात, म्हणजे काही हुकलं तर परत जाता येतं. सुट्टीची यादी आणि वेळा आदल्या दिवशी तपासायच्या, कारण या देशात हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम आणि चिनी सणांच्या सुट्ट्या असतात. सकाळी आधी घाट आणि शेजारचं माहिती केंद्र, मग ब्लू पेनी संग्रहालय. तिथे १८४७ ची ती प्रसिद्ध ‘पोस्ट ऑफिस’ टपाल तिकिटं आहेत, एक पेनीचं नारिंगी आणि दोन पेन्सचं निळं. प्रकाशाने रंग उडू नये म्हणून अस्सल तिकिटांवरचे दिवे ठरावीक वेळी काही मिनिटंच लावतात, एरवी प्रतिकृती बघायला मिळते. बरेच जण प्रतिकृती बघून ‘झालं’ म्हणत बाहेर पडतात. दारात वेळ विचारायला किती वेळ लागतो? गाडीने शहरात शिरू नका, गर्दीत आणि पार्किंगमध्ये सकाळ जाते. मधल्या पठारावरच्या क्युरपिप शहरापासून पोर्ट लुईपर्यंत मेट्रो आहे.

आणि तुमच्याही घरात बोटीत बसलेल्या कुणाची गोष्ट असेल तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेकडे करारावर आलेल्या मजुरांच्या नोंदी जपलेल्या आहेत. निघण्याआधी पत्रव्यवहार करा. दारात जाऊन उभं राहिलं आणि हाती कागद आला, असं होत नाही.

ल मोर्न ‘जाता जाता’ चढून येणं

नैऋत्य टोकाला समुद्रातून उठल्यासारखा दिसणारा, ५५६ मीटरचा बेसॉल्टचा डोंगर म्हणजे ल मोर्न ब्राबां. फोटोत तो शांत दिसतो आणि तिथेच लोक फसतात. “दुपारच्या आत वर जाऊन येऊ, मग किनाऱ्यावर जेवू,” असं मला आजवर किती जणांनी सांगितलंय याची गणती नाही.

माझा भाचा त्यातलाच. बावीस वर्षांचा, रोज व्यायाम करणारा, घाईचा. हॉटेलचा नाश्ता दहापर्यंत असतो म्हणून तो नाश्ता पूर्ण करून साडेदहाला चढायला लागला. पायात पट्ट्यांच्या सँडल, हातात अर्ध्या लिटरची एक बाटली. मी बरोबर होते आणि मी त्याला अडवायला हवं होतं.

सुरुवातीची वाट रुंद आहे, झाडीतून जाते, चढही सोसवणारा. अर्ध्या वाटेवर खालचं खारकच्छ आणि प्रवाळाची पांढरी कड दिसते. तिथून पुढे डोंगराचा स्वभाव बदलतो. सरळ दगडावरून हातापायांनी चढावं लागतं, सावली संपते आणि दगड तापलेला असतो. भाचा चढाईच्या शेवटी असलेल्या क्रूसापर्यंत गेला. अडचण उतरताना आली. चढताना नजर दगडावर असते, उतरताना ती दरीत जाते. एका घळीत त्याची सँडल घसरली, गुडघा सोलला आणि तो तिथेच चिकटून बसला. पाणी संपलेलं. मागून आपल्या गटाला घेऊन उतरणाऱ्या एका स्थानिक वाटाड्याने त्याचा एकेक पाय धरून खाचेत ठेवत त्याला खाली आणलं. पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाला की अशी माणसं त्याला सारखी भेटतात.

सूर्योदयाच्या सुमारास पायथ्याशी असा. बूट तळाला पकड असलेले, माणशी दोन लिटर पाणी, टोपी. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर बेत बदला, ओला बेसॉल्ट माफ करत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी वाटाड्या घ्यावा, आणि मधल्या जागेवरून मागे फिरायला कमीपणा मानू नये. मी स्वतः दुसऱ्यांदा तिथूनच फिरले.

पण मला याहून जास्त टोचते ती दुसरी गोष्ट. हा डोंगर व्यायामाची जागा नाही. मळ्यांवरून पळालेले गुलाम इथल्या गुहांत आणि कड्यांवर लपून राहत. गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला आलेले शिपाई आपल्याला पकडायला आलेत असं वाटून काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या, असं तिथे पिढ्यान् पिढ्या सांगतात. २००८ मध्ये डोंगर जागतिक वारसा यादीत गेला तो या आठवणीसाठी. १ फेब्रुवारी हा गुलामगिरी संपल्याचा दिवस, तेव्हा देशाला सुट्टी असते. पायथ्याशी स्मारकशिल्पं आहेत, पण चढायची घाई असलेले तिथे थांबत नाहीत. माझी विनंती आहे, आधी तिथे अर्धा तास द्या.

“बेट लहान आहे, सगळं एका दिवसात होईल”

लांबी ६५ किलोमीटर, रुंदी ४५. आकडे ऐकून लोक हिशेब मांडतात आणि एका दिवसात क्युरपिपचं ज्वालामुखीचं विवर, हिंदूंचं तीर्थ असलेला गंगा तलाव, शामारेल, धबधबा, जहाजाच्या प्रतिकृतींचं दुकान आणि सूर्यास्त बसवतात. रस्ते गावांमधून, उसाच्या शेतांमधून आणि घाटांमधून जातात. शिवाय जून-जुलैत सहाच्या आत सूर्य बुडतो. त्या ‘साउथ टूर’मध्ये सगळ्यात जास्त वेळ दुकानात जातो, हे घड्याळ लावून बघा. दिवसाला एक दिशा, तीत जास्तीत जास्त दोन जागा. मला यापेक्षा जास्त कधीच जमलं नाही आणि जमल्याचं सांगणाऱ्यांना विचारलं तर त्यांना गाडीची काच तेवढी आठवते.

शामारेलची सप्तरंगी माती हे याचं उत्तम उदाहरण. “एवढंसंच?” म्हणून नाक मुरडणारे जवळपास सगळे भर दुपारी, बसमधून आलेले असतात. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीतले लोह आणि अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड रंग देतात, आणि ते तिरप्या उन्हात उठून दिसतात. फाटक उघडताना जा. जांभळा आणि तांबडा शेजारी शेजारी असे दिसतात की बोलणं थांबतं.

पठारावर किनाऱ्याच्या कपड्यांत

आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे मधल्या पठारावर चढतात, थंड होतात आणि तिथे पाऊस टाकतात. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना क्युरपिपमध्ये धुकं असतं, आणि पठारावर पश्चिम किनाऱ्याच्या कित्येक पट पाऊस पडतो. शिवाय ऋतू उलटे आहेत, मे ते ऑक्टोबर तिथला हिवाळा. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात अर्ध्या चड्डीत कुडकुडणारी कुटुंबं बघितली की वाईट वाटतं, कारण ती हमखास दहा मिनिटांत परत फिरतात आणि बेटावर उरलेल्या मोजक्या मूळ जंगलांपैकी एक तसंच राहून जातं. पातळ रेनकोट आणि एक स्वेटर गाडीत ठेवा. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात चक्रीवादळाचा इशारा आला तर तो पाळा, हॉटेलवाल्याशी वाद घालू नका.

बाकीच्या, थोडक्यात

‘सगळं जेवण समाविष्ट’ असलेलं पॅकेज घेऊ नका. पैसे भरलेत म्हणून माणूस दुपारी जेवायला हॉटेलवर परततो आणि दिवस तुटतो. सकाळचा नाश्ता तेवढा घ्या. धोल पुरी गाडीवर खा. डाळ भरलेली मऊ पोळी, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सेदार भाजी, जोडीने मिळते. दुपारी उशिरा गेलात तर संपलेली असते. गातो पिमां चाखलात की आपला डाळवडा आठवेल.

महाशिवरात्रीच्या आठवड्यात गंगा तलावाकडे गाडी काढू नका. लाखो माणसं कावड घेऊन चालत येतात, रस्ता त्यांचा असतो. चालायची तयारी असेल तर मात्र तेव्हाच जा. एरवी गेलात तर १०८ फुटी शंकराच्या मूर्तीपाशी फोटो काढून निघू नका, तळ्याकाठी बसा.

पक्षी बघायला पिंजऱ्यांच्या बागेत कशाला जायचं? माहेबूर्गजवळचं इल ओ एग्रेत हे २६ हेक्टरचं बेट बघा, तिथे गुलाबी कबुतर मोकळं दिसतं. १९७४ मध्ये मॉरिशसचे ससाणे जंगलात फक्त चार उरले होते. डोडो ज्या देशाने गमावला तिथे हे पक्षी वाचवले गेले, ते वाटाड्याकडून ऐकण्यासारखं आहे. जागा आधी राखून ठेवा.

उसाच्या शेतांमधले काळ्या दगडांचे ढीग ‘कसलेतरी’ म्हणून सोडून देऊ नका. जमीन मोकळी करताना मजुरांनी हातांनी वेचलेले ते दगड आहेत. आप्रवासी घाट बघितल्यानंतर ते बघा.

आणि कुणी मराठी घरातलं भेटलं तर त्यांच्या मराठीची परीक्षा घेऊ नका. घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली भाषा बोलतात, मराठी शाळेत आणि देवळात शिकतात. आमच्या गटातल्या एका बाईंनी एका मुलीचं ‘ळ’ सुधारायला घेतलं आणि ती गप्प झाली. तिला आरती सगळी पाठ होती, पाचही कडवी, आमच्यातल्या कुणालाच नव्हती.