पिकअपवर ऑफ-रोड कॅम्पर बांधताय? आधी चासीला पिळायला जागा द्या

घरी कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, बांधणारे पलंग, ओटा आणि दिव्यांवर महिनोन्‌महिने खल करतात. बॉडी चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्यावर, कशी बसवायची, हे मात्र शेवटच्या आठवड्यात फॅब्रिकेटरवर सोपवतात. नेमकं तिथेच सगळं बिघडतं. ओटा आवडला नाही तर काढून दुसरा करता येतो. चासीला केबिनमागे तडा गेला तर गाडी जागेवर उभी राहते, आणि ती पुण्यात उभी राहील की स्पितीतल्या काझाच्या अलीकडे, हे आपल्या हातात नसतं. म्हणून या लेखाचा मोठा भाग एकाच कामावर आहे. बाकीची कामं तुलनेनं सोपी आहेत.

इथे मी सिंगल केबिनची फोर बाय फोर पिकअप, तिच्यावर दोन माणसांसाठी कायमची बसवलेली बंद बॉडी आणि स्पिती, लडाख किंवा पावसाळ्यातल्या सह्याद्रीतले कच्चे रस्ते गृहीत धरतो.

गाडी आणि कागद

काही पिकअप कंपनीकडूनच कॅब-चासी म्हणून, म्हणजे मागच्या हौद्याशिवाय मिळतात. नवी घेणार असाल तर तशीच घ्या. हौदा उतरवण्याचा खर्च वाचतो आणि पासिंगच्या वेळी बॉडीचा प्रकार सरळ सांगता येतो. जुनी, नोंदणी झालेली गाडी असेल तर ग्राइंडर हातात घेण्याआधी आरटीओत जा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे. ‘पुढचं पुढे बघू’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच कागद मागते.

मोजायचं काय, तर पीळ

पिकअपची चासी म्हणजे दोन लाँग मेंबर (लांबीच्या दिशेचे पोलादी तुळयांसारखे भाग) आणि त्यांना जोडणारे आडवे मेंबर. पुढचं डावं चाक दगडावर आणि मागचं उजवंही वर चढलं की ही चासी पिळते. ती पिळण्यासाठीच बनवलेली असते, त्यामुळे चारही चाकं जमीन धरून राहतात. आपली बॉडी मात्र सहा बाजूंनी बंद पेटी असते आणि ती पिळत नाही. पिळणाऱ्या चासीवर न पिळणारी पेटी चार कोपऱ्यांत घट्ट आवळली की दोघांपैकी एकाला हार मानावी लागते. बहुतेक वेळा आधी दाराच्या चौकटीचा कोपरा फाटतो, मग तिथून पाणी शिरतं.

‘ट्रकच्या बॉडीला लाकडी पॅकिंग टाकून यू-बोल्टच मारतात, मग आपल्याला का नको?’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता चीड येते. ट्रकचा हौदा वरून उघडा असतो, तो चासीबरोबर स्वतःही पिळतो. आपली पेटी बंद आहे. तिला तो नियम लागू होत नाही. ‘जाड रबर टाका’ हा दुसरा सल्ला. रबर बुश काही मिलिमीटर दबतो. लागणारी हालचाल त्याच्या कितीतरी पट असते.

किती, ते स्वतः मोजा. हौदा नसताना केबिनच्या लगेच मागे एक सरळ अँगल आडवा टाका, दुसरा चासीच्या शेपटाजवळ. सपाट जागेवर दोन्हींवर डिजिटल लेव्हल ठेवून आकडे लिहून घ्या. मग पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरप्या बाजूचं मागचं चाक मजबूत लाकडी ठोकळ्यांवर चढवा आणि पुन्हा मोजा. दोन अँगलमधला फरक जितका वाढला, तितका पीळ. समजा तो २ अंश आला आणि दोन लाँग मेंबरमधलं अंतर ८०० मिमी आहे, तर एका बाजूला साधारण २८ मिमी फट पडणार. बॉडी लागल्यावर वजन वाढतं आणि पीळही वाढतो. म्हणून मी किमान ४० मिमी हालचालीची सोय ठेवतो.

बॉडी बसवायची कशी

तीन पायांचं स्टूल उंचसखल अंगणातही डगमगत नाही. तीन टेकूंची पद्धत याच तत्त्वावर चालते: दोन टेकू एका टोकाला, तिसरा दुसऱ्या टोकाला मधोमध पिव्होटवर (फिरणाऱ्या सांध्यावर). युनिमॉग या ऑफ-रोड ट्रकसारख्या खूप पिळणाऱ्या चासीसाठी ती योग्यच आहे. पण लहान पिकअपवर तिच्यामुळे सगळा भार थोड्या जागी एकवटतो आणि बॉडी उंच बसते. घरी बांधणाऱ्यानं स्प्रिंग माउंटच करावं, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी चौकोनी पाइपची सबफ्रेम, म्हणजे बॉडी आणि चासी यांच्यामधली चौकट, करायची. तिचे दोन लांब पाइप चासीच्या लाँग मेंबरवर पूर्ण लांबीभर टेकले पाहिजेत, म्हणजे भार पसरतो. मध्ये नायलॉनची किंवा एचडीपीई या टणक प्लास्टिकची पट्टी घाला, नाहीतर लोखंड लोखंडावर घासून रंग जातो आणि गंज धरतो. मागच्या भागात, एक्सलच्या आसपास, सबफ्रेम प्लेट लावून चासीला पक्की बोल्ट करायची. पुढे केबिनकडे येताना मात्र ब्रॅकेटवर स्प्रिंग घातलेले उभे बोल्ट. सपाट रस्त्यावर स्प्रिंग सबफ्रेमला खाली दाबून धरतात. चासी पिळली की एका बाजूचा लाँग मेंबर सबफ्रेमपासून सुटून खाली जातो आणि बॉडी जशीच्या तशी राहते.

स्प्रिंग निवडताना मी सर्वांत जास्त डोकं खाजवलं, म्हणून हे नीट वाचा. मऊ स्प्रिंग घेतली तर खड्ड्यातून जाताना बॉडीचं तोंड उचललं जातं आणि आदळतं. कडक घेतली तर चासी पिळूच शकत नाही. पुढच्या सगळ्या स्प्रिंगांचा सुरुवातीचा दाब मिळून बॉडीच्या पुढच्या निम्म्या वजनाएवढा ठेवा आणि तिथून पुढे बदल करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पूर्ण पीळ आल्यावरही वेटोळ्यांमध्ये थोडी फट उरली पाहिजे. वेटोळी एकमेकांना टेकली की स्प्रिंग संपली. तिथे आता नुसता घट्ट बोल्ट आहे.

स्प्रिंग फक्त वर-खाली सांभाळते. बॉडी डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून प्रत्येक ब्रॅकेटला बाजूची गाइड प्लेट हवीच. नुसत्या स्प्रिंगांवर बॉडी सोडू नका.

आता फॅब्रिकेटर. तो म्हणेल, “साहेब, बोल्ट ढिले होतात, वेल्डच मारतो, जन्मभर हलणार नाही.” तिथे उभे राहा आणि नाही म्हणा. चासीवर वेल्डिंग करायचं नाही. उष्णतेनं वेल्डच्या कडेचं पोलाद कमजोर होतं आणि तडा बरोबर तिथूनच सुरू होतो. भोकंही लाँग मेंबरच्या उभ्या बाजूलाच पाडा, वरच्या-खालच्या फ्लँजला (आडव्या पट्टीला) कधीच नाही. वाकताना सगळ्यात जास्त ताण फ्लँजवर येतो. शक्य तिथे कंपनीचीच भोकं वापरा. बोल्ट ८.८ ग्रेडचे किंवा वरचे, नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे. सबफ्रेमचं वेल्डिंग गाडीपासून दूर, जमिनीवर उरकून घ्या.

केबिन आणि बॉडी यांच्यातही हाताचा पंजा आडवा जाईल एवढी फट ठेवा. दोन्ही वेगवेगळ्या हलतात. आतून ये-जा हवी असेल तर मध्ये रबरी बेलोज (घडीचा लवचीक जोड) लागेल.

तपासणी, आतलं काम सुरू करण्याआधी

रिकाम्या बॉडीत वाळूची पोती भरा, पुढे ठरलेल्या वजनाएवढी. सपाट जागेवर दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. मग गाडी शेताच्या बांधावर तिरपी चढवून पुन्हा मोजा आणि त्याच अवस्थेत दार उघडून-लावून बघा. कर्णांत एक-दोन मिलिमीटरहून जास्त फरक पडला किंवा दार अडलं तर माउंट काम करत नाहीये. सनमायका लावण्याआधी तो दुरुस्त करा.

बाकीचं

भिंतींना रीफर (शीतगृह) गाड्यांसाठी बनवतात तसं पफ (पॉलियुरेथेन फोम) आणि एफआरपीचं (फायबरग्लासचं) सँडविच पॅनेल घ्या. ४० मिमी पफ आणि दोन्हीकडे २ मिमी एफआरपी असेल तर एका चौरस मीटरचं वजन साधारण ९ किलो भरतं. १९ मिमी प्लायवूड याहून जड आणि थंडी अडवायला कितीतरी कमी. आत लोखंडी सांगाडा करू नका, थंडीत त्याच्यावर आतून पाणी साचतं. खिडक्या-दारांचे कोपरे गोल कापा.

पाण्याची टाकी दोन एक्सलच्या मध्ये, जमिनीलगत. १०० लिटर म्हणजे १०० किलो, आणि ते उंचावर किंवा शेपटाकडे नको.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वजनाला हलकी, पण शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नसतं. बॅटरी बॉडीच्या आतच ठेवा, आणि थंडीत चार्जिंग तोडणारा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) आहे ना, हे विकत घेतानाच विचारा.

गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. कडाक्याच्या थंडीत घरगुती एलपीजीतल्या ब्युटेनची वाफ होत नाही आणि शेगडी मंद पडते. डिझेल हीटर लावलात तर धूर पूर्ण बाहेर काढा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ बसवा. यात काटकसर करू नका.

सगळं भरून, पाण्याची टाकी आणि डिझेलसकट, माणसं बसवून गाडी वजनकाट्यावर न्या. आधी पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग मागची चाकं. एकूण वजन कागदावरच्या ग्रॉस वजनाखाली असून भागत नाही, मागच्या एक्सलचा आकडाही त्याच्या मर्यादेत हवा. जास्त भरला तर सामान कमी करा. जास्त पानांचे पाटे घातल्यानं एक्सलची मर्यादा वाढत नाही.

बोल्ट आवळल्यावर नटापासून प्लेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर, मग पाचशेनंतर, आणि पुढे प्रत्येक कच्च्या रस्त्याच्या प्रवासानंतर गाडीखाली जाऊन त्या रेघा बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. तो नुसता आवळू नका, काढून नवा नायलॉक घाला.