फिट्टंफाट करायला जाऊ नका: नव्या फुटबॉल पंचांसाठी

पावसाळा लागला की सांगली-मिरजेत शालेय फुटबॉल सुरू होतो. सुब्रतो करंडकाच्या तालुका आणि जिल्हा फेऱ्या, १७ वर्षांखालची पोरं, काळ्या मातीचा चिखल. नव्या पंचाच्या तोंडात पहिली शिट्टी बहुतेक वेळा इथंच येते. सतराही नियम तुम्ही वाचलेत असं धरून चालतो; ऑफसाईड समजावत बसत नाही. मला बोलायचंय ते चुकीचा निर्णय देऊन झाल्यावर पंचाच्या डोक्यात जे सुरू होतं त्याबद्दल. माझा घात तिथं झाला होता.

चुका होणार, हे आधी मान्य करा. आपल्याकडं रिप्ले नाही, कानात यंत्र नाही, आणि लाइनवर कधीकधी एखाद्या शाळेचेच पीटीचे सर उभे असतात. तुम्ही पळताय, चष्म्यावर पाणी आहे, समोर चार जण आडवे. अशात एखादा थ्रो उलटा दिला जातो. त्यानं कुणाचं वाकडं होत नाही.

मी दिलेली पेनल्टी मात्र साधी नव्हती. मिरजेतला सामना, पहिला हाफ. बचावपटू घसरत आडवा गेला, चेंडू त्याच्या दंडाला लागला आणि कडेनं एकच ओरडा उठला, ‘हँड, हँड!’ मी शिट्टी मारून ११ मीटरच्या ठिपक्याकडं बोट दाखवलं. हात लागला म्हणजे हँड असं नसतं, हे मला पाठ होतं. खेळाडूनं मुद्दाम चेंडूकडं हात नेला का, किंवा हात अंगापासून असा फाकलेला होता का की शरीर विनाकारण मोठं झालं, हे बघायचं असतं. त्या पोराचा हात बरगडीला चिकटलेला होता. पेनल्टीवर गोल झाला आणि चेंडू मध्यावर येईपर्यंत मला कळून चुकलं होतं.

खरी चूक पुढं झाली. दुसऱ्या हाफमध्ये, ज्या संघाविरुद्ध ती पेनल्टी दिली होती त्याच संघाचा फॉरवर्ड डीच्या (पेनल्टी क्षेत्राच्या) तोंडाशी खांद्याला खांदा लागून पडला. फाऊल नव्हता, मी शिट्टी मारली. तोंडानं काही बोललो नाही, पण आत कुठंतरी हिशेब चुकता करत होतो. फ्री किक बारवरून गेली. समोरच्या संघाचा कॅप्टन जवळून जाताना हळूच म्हणाला, ‘सर, आता फिटलं का?’

पोरांना सगळं कळतं. दोन्ही बाजूंना समजलं की आज पंच देणेकरी आहे. मग प्रत्येक जण डीजवळ आला की पडायला लागला आणि पडला की माझ्याकडं बघायला लागला. शेवटी शेवटी एक खरीखुरी पेनल्टी आली. बचावपटूनं मागून पाय ओढला होता, मी दहा पावलांवर होतो. ती दिली तेव्हा मैदानावर एकाचाही विश्वास बसला नाही. पहिल्या चुकीनं एका संघाचं नुकसान झालं. दुसरीनं माझी पुढची प्रत्येक शिट्टी बाद केली.

म्हणून स्पष्ट सांगतो. ‘दोन्हीकडं सारखं वाजवायचं, मॅच निघून जाते’ असं कुणी ज्येष्ठ सांगत असतील तर चहा प्या, नमस्कार करा, पण त्यांचं ऐकू नका. सामना काढून देणं हे पंचाचं काम नाही. एका संघानं वीस फाऊल केले आणि दुसऱ्यानं चार, तर शिट्ट्याही वीस आणि चारच वाजल्या पाहिजेत.

मग चूक कळल्यावर करायचं काय? पाचवा नियम नीट वाचा. खेळ पुन्हा सुरू होण्याआधी तुम्ही निर्णय बदलू शकता, मग तुमच्या स्वतःच्या लक्षात आलं असो की सहायकानं सांगितलं असो. पेनल्टी मारेपर्यंत मिनिटभर तरी जातं. पोरं भांडत असतात, गोलकीपर हातमोजे झटकत असतो. ते मिनिट तुमचं आहे. माझा लाइनमन त्या दिवशी अगदी सरळ रेषेत उभा होता आणि मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघा. जाऊन विचारा. निर्णय फिरवलात तर दोन मिनिटं बोंबाबोंब होईल, होऊ द्या. एकदा किक लागली की तो विषय संपला. त्याची भरपाई कुठंच नाही. पुढच्या टक्करीला फक्त पाय कुठं लागला आणि किती जोरात, एवढंच बघा. निष्काळजीपणा असेल तर नुसती फ्री किक, बेदरकारपणा असेल तर पिवळं, वाजवीपेक्षा जास्त ताकद लावली तर लाल. या तिन्हीत आधीच्या पेनल्टीला कुठंही जागा नाही.

कार्डं नोंदवायच्या वहीचंही सांगून टाकतो. २००६ च्या विश्वचषकात, स्टुटगार्टला क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया सामन्यात ग्रॅहम पोल यांच्यासारख्या नावाजलेल्या पंचांनी क्रोएशियाच्या योसिप शिमुनिचला तीन पिवळी कार्डं दाखवली. दुसऱ्यालाच तो बाहेर जायला हवा होता. एक नोंद ऑस्ट्रेलियाच्या तीन नंबरखाली गेली होती. शिमुनिचचा नंबरही तीनच. तेव्हा संघ, नंबर, मिनिट, तिन्ही लिहा, आणि लिहिल्याशिवाय खेळ सुरू करू नका. पावसात पेनाची शाई पसरते, शिसपेन्सिल चालते. शिट्टी गोटी नसलेली घ्या. गोटीवाली भिजली की ऐन वेळी घशात अडकल्यासारखी वाजते.

रील बघून नियम शिकू नका. त्यात व्हीएआरचे (व्हिडिओ बघून दिलेल्या निर्णयांचे) वाद असतात, तुमच्या कामाचं काही नसतं. नियम दरवर्षी १ जुलैपासून बदलतात. आता गोलकीपरनं चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर कॉर्नर द्यायचा असतो. जुनी मंडळी अजून सहा सेकंद आणि इनडायरेक्ट फ्री किकच सांगतात. त्यापेक्षा एक दिवस कोल्हापूरला जा, शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असेल तेव्हा बसा, आणि चेंडू सोडून फक्त रेफ्रीकडं बघा. एवढी गर्दी अंगावर येत असताना तो कुठं उभा राहतो, कुणाशी बोलतो, कुणाकडं दुर्लक्ष करतो ते पाहा.

गुरू निवडताना माझी एकच कसोटी आहे. सामना झाल्यावर ‘ती पेनल्टी का दिलीस?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतील. ‘तेव्हा तू कुठं उभा होतास?’ असं विचारणारा भेटला तर त्याला सोडू नका. आणि पहिला हंगाम शक्यतो लाइन मागून घ्या. मधली शिट्टी मिळत नाही म्हणून नाराज होऊ नका. मधल्या पंचानं तुमच्याकडं केव्हा बघायला हवं होतं, हे लाइनवर उभं राहिल्यावरच कळतं.