बुटाला चुना लागलाय का? सर्व्हिस करताना पायांच्या या चुका टाळा

सांगलीत आमच्या मुरमाच्या टेनिस कोर्टावर पहाटे पाणी मारलेलं असतं, रोलर फिरलेला असतो आणि चुन्याच्या रेघा ताज्या असतात. सहाची बॅच संपते तेव्हा बाकी सगळ्या रेघा शाबूत असतात, पण बेसलाइनवर (जिच्या मागून सर्व्हिस करतात ती टोकाची रेघ) सेंटर मार्कच्या, म्हणजे तिच्या मधोमध असलेल्या छोट्या खुणेच्या, दोन्ही अंगांना हात-दोन हात रेघ गायब असते. ती कुठं गेली हे शोधायला लांब जावं लागत नाही. पोरांना रांगेत उभं करायचं आणि म्हणायचं, "बूट दाखवा रे." डाव्या बुटाच्या टोकाला चुना.

मग ठरलेलं उत्तर येतं, "सर, थोडंसंच लागलंय."

टेनिसमध्ये थोडंसं लागणं असा प्रकार नाही. सर्व्हिसची हालचाल सुरू झाल्यापासून रॅकेट चेंडूला लागेपर्यंत पाय बेसलाइनला किंवा आतल्या कोर्टाला टेकला की फूट फॉल्ट. पहिली सर्व्हिस असेल तर ती गेली, दुसरी असेल तर गुण गेला. आमच्याकडची निम्मी पोरं क्रिकेटमधून येतात, तिथं गोलंदाजाच्या पुढच्या पावलाचा थोडा भाग जरी क्रीजच्या मागे राहिला तरी चालतं. तीच सवय घेऊन ती इकडे येतात. इथं टाच मागे आणि अंगठा रेघेवर असेल तर टाचेला कोणी विचारत नाही.

उलट्या बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे. एकदा एका मुलाचे वडील जाळीबाहेरून ओरडत होते, "अरे पाय आत पडला! फॉल्ट!" पाय आत पडला होता, पण चेंडू मारून झाल्यावर. ते चालतं, नव्हे, तसंच व्हायला हवं. पाय हवेत रेघेच्या वर असला तरी हरकत नाही, चेंडू लागण्याआधी तो खाली टेकता कामा नये, एवढंच. काकांना हे समजावण्यात एक गेम संपला.

या चुकीवर मी इतका घसा का कोरडा करतो, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा होता. उंचापुरा, सर्व्हिस अशी की समोरचा रॅकेट आडवी धरून फक्त चेंडू अडवायचा. त्याचा डावा पाय टॉसबरोबर (सर्व्हिससाठी चेंडू वर उडवताना) चार बोटं पुढं सरकायचा. मला दिसत होतं. पण आमच्या गावच्या मॅचला पंच नसतो, कोणी काही बोलत नाही, आणि जिंकणाऱ्या पोराचं काही बदलायला हात धजत नाही. मी म्हटलं, बघू पुढं. पुढं म्हणजे पुण्यातली एक स्पर्धा. तिथं खुर्चीवर पंच होते आणि ते त्यांचं काम करत होते. पहिल्या सेटमध्ये चार फूट फॉल्ट. पाचव्या वेळी पोरगं घाबरून बेसलाइनपासून दोन फूट मागं जाऊन उभं राहिलं. टॉस मात्र जुन्या जागेच्या हिशोबानं पडत होता, त्यामुळं सर्व्हिस थेट नेटमध्ये जायला लागली. दुसरा सेट डबल फॉल्टमध्ये वाहून गेला. परतीच्या वाटेवर पेठ नाक्यापर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. तिथं चहा घेताना त्याच्या वडिलांनी पंचांना नावं ठेवायला सुरुवात केली. मी मान खाली घालून चहा प्यायलो, कारण चूक पंचांची नव्हती आणि पूर्णपणे पोराचीही नव्हती.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. २००९ च्या यूएस ओपनच्या उपांत्य सामन्यात किम क्लायस्टर्सविरुद्ध सेरेना विल्यम्स दुसऱ्या सेटमध्ये ५-६, १५-३० अशी मागे असताना दुसऱ्या सर्व्हिसवर फूट फॉल्ट दिला गेला. त्यातून १५-४० झालं, मग रेषापंचांशी झालेल्या वादावर दंड म्हणून एक गुण गेला आणि सामना तिथंच संपला.

पाय का सरकतो, याची कारणं मला तीनच सापडली. काहींचे दोन पाय सुरुवातीलाच इतके जवळ असतात की टॉसला हात वर गेला की तोल सांभाळायला पाऊल टाकावंच लागतं. काही जण झोका घेताना पुढच्या पायाचा चवडा उचलतात (सॅम्प्रस उचलायचा, म्हणून हेही उचलतात) आणि खाली ठेवताना दोन बोटं पुढं ठेवतात. आणि काहींचा टॉसच इतका पुढं असतो की ते चेंडूच्या मागं चालत निघतात.

माझा उपाय शास्त्रीय वगैरे नाही. पुढचा पाय बेसलाइनच्या एक वीतभर मागं ठेवायचा. "सर, वीतभर मागं गेलो तर सर्व्हिसला अंतर जास्त पडेल ना?" कोर्ट २३.७७ मीटर लांब आहे, वीत वीसेक सेंटिमीटरची. एक टक्काही होत नाही. दुसरं, बेसलाइनवर चहाचे रिकामे कागदी कप ओळीनं उपडे ठेवतो. पाय सरकला की कप चेंगरतो आणि आख्ख्या कोर्टाला आवाज ऐकू जातो. मी शंभरदा ओरडून जे होत नाही ते तीन कपांत होतं. सर्व्हिस मारताना खाली पायाकडं मात्र बघू नका. मान खाली गेली की खांदाही खाली जातो.

आता दुसरी चूक, जिच्यावर माझा जास्त राग आहे: उडी.

टीव्हीवर खेळाडू सर्व्हिसला हवेत दिसतो. तिसऱ्या दिवशी पोरगं उड्या मारायला लागतं. त्याला वाटतं, उडी मारली म्हणून सर्व्हिस जोरात गेली. प्रत्यक्षात गुडघे वाकवून जमिनीला रेटा दिला, तो रेटा कंबर-खांद्यातून रॅकेटपर्यंत गेला आणि त्या नादात पाय जमिनीवरून सुटले. वेगळी उडी मारायची नसते. जे आधी उडी मारतात ते नुसते वर जाऊन खाली येतात, आणि चेंडूला हात तेवढाच लागतो.

हे मी ज्ञान म्हणून सांगत नाही, घोटा मोडून घेऊन सांगतोय. चाळिशीत असताना जुलैतल्या एका सकाळी पावसानं उघडीप दिली म्हणून आम्ही चौघं डबल्स खेळायला उतरलो. मुरूम वरून कोरडा, खाली ओला. आदल्या रात्री विम्बल्डन बघितलेलं. टॉस डोक्याच्या मागं गेला, सोडून द्यायला हवा होता, पण मी त्यावरच झेपावलो आणि उजव्या पायावर, तेही आडवा होऊन, खाली आलो. पाय निसटला. "कट्" असा आवाज जोडीदाराला नेटपाशी ऐकू आला. मिरज जवळ असण्याचा फायदा त्या दिवशी कळला. अर्ध्या तासात हाडाच्या डॉक्टरांसमोर होतो. सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर दोन महिने पायरी उतरताना कठडा.

खाली कसं यायचं, ते उतरताना ठरत नाही, आधीच्या गोष्टींवरून ठरतं. टॉस बेसलाइनच्या फूटभर आत पडेल असा हवा. हात न मारता चेंडू खाली पडू द्या आणि कुठं पडतो ते बघा. त्या चेंडूकडं शरीर गेलं की उजव्या हाताचा खेळाडू आपोआप डाव्या पायावर, रेघेच्या आत उतरतो. आधी चवडा टेकतो, गुडघा मऊ वाकतो, छाती पुढं येते आणि तोल राखायला उजवा पाय मागं वर उचलला जातो. (डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचावं.) मी पोरांना म्हणतो, कृष्णेच्या काठावर बगळा उभा असतो तसं उतरून तीन मोजा. तीन मोजेपर्यंत उभं राहता आलं तर सर्व्हिस ठीक झाली, चेंडू कुठंही पडलेला असो. डावीकडं कलंडलात तर टॉस डावीकडं गेला होता. मागं रेललात तर टॉस मागं. उजवा पाय आधी पडत असेल तर कंबर फार लवकर नेटकडं उघडतेय. उतरण्यात दुरुस्ती करायला जाऊ नका, टॉस आणि उभं राहणं बघा.

आणि निदान पहिले दोन-तीन महिने उडी बंद. दोन्ही पावलांचे चवडे जमिनीवर ठेवून सर्व्हिस आत टाकता येत नसेल तर हवेतून ती कशी येईल, हे मला आजवर कोणी समजावलेलं नाही. "सर, महिनाभरात ॲडव्हान्स शिकवाल का?" असं विचारणाऱ्यांना मी नाही म्हणतो. फी परत देतो.

एक अपवाद. आमच्याकडं सत्तरी ओलांडलेले एक काका येतात, ते सर्व्हिसनंतर उजवा पाय टाकत सरळ चालायला लागतात. पूर्वीच्या नियमात चेंडू लागेपर्यंत एक पाय जमिनीवर ठेवावाच लागायचा, त्या काळातल्या लोकांची ही पद्धत. त्यांना शिकवायला जाऊ नका, त्यांची नक्कलही करू नका.

बॅडमिंटनवाल्यांची तऱ्हा वेगळी. नंदू नाटेकर जन्मानं सांगलीचे, आधी टेनिस खेळून मग बॅडमिंटनकडं गेले. माझ्याकडं उलट वाटेनं येणारे जास्त. बॅडमिंटनमध्ये सर्व्हिस होईपर्यंत दोन्ही पाय जमिनीला टेकलेले आणि स्थिर लागतात. ते अंगात इतकं मुरलेलं असतं की ही मंडळी टेनिसलाही खांबासारखी उभी राहून नुसत्या मनगटानं मारतात. त्यांना मी आधी जुने चेंडू नेटपलीकडं नुसते हातानं फेकायला लावतो. फेकताना मागचा पाय सुटतो, मग सर्व्हिसलाही सुटायला लागतो.

मागचा पाय पुढं ओढायचा की जागेवर ठेवायचा, यावर लोक तासभर वाद घालतात. फेडरर जागेवर ठेवायचा, मरे आणि शारापोव्हा पुढं ओढून जोडायचे. दोन्ही चालतात. नवशिक्यांनी जागेवर ठेवावा, कारण ओढताना तो डाव्या पायाला वळसा घालून पुढं येतो आणि सगळं अंग नेटकडं उघडं पडतं. कुस्तीत पैलवान समोरच्याला छाती सपाट देत नाही. इथंही पवित्रा आडवाच हवा: डावं पाऊल उजव्या नेट पोस्टच्या रोखानं, उजवं बेसलाइनला साधारण समांतर, अंतर खांद्याएवढं. ॲड कोर्टात (सेंटर मार्कच्या डावीकडून सर्व्हिस करताना) तोच पवित्रा जसाच्या तसा नेऊ नका, पाय थोडे आणखी वळवा. आणि तिथं सेंटर मार्कला अगदी चिकटून उभं राहू नका. त्या खुणेची मागं वाढवलेली रेषा दिसत नसली तरी नियमात आहे, आणि मागचा पाय तिच्यावर जाऊ शकतो. तोही फूट फॉल्टच.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. पहाटे आमराईत पळायला घालता तेच बूट घालून कोर्टावर येऊ नका, त्यांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला आधार नसतो, उतरताना घोटा कलतो. सर्व्हिस मारून आपलाच चेंडू न्याहाळत उभं राहू नका. मोबाईलवर स्लो मोशन काढा, पण दहा सर्व्हिसमागं एकदा.

आणि मुरूम वाचायला शिका. हार्ड कोर्टवाल्यांना हे भाग्य नाही. पाणी मारलेल्या जमिनीवर तुम्ही कुठं उभे होता, चवडा किती फिरला, मागचा पाय कुठून कुठं घासत आला, कुठं उतरलात, सगळं उमटलेलं असतं. मी पाच सर्व्हिस झाल्या की चेंडू गोळा करण्याआधी पोरांना तिथंच उकिडवं बसवून खुणा बघायला लावतो. जाताना मात्र झाडणी ओढून जा. सातच्या बॅचला स्वतःच्या खुणा बघायच्या असतात, तुमच्या नाही.