दहावीच्या मार्कांवर प्रयोग तोलताना या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांना गणिताचे जादा वर्ग द्यायचे, निम्म्यांना नाही आणि शेवटी एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीच्या, मार्कांतला फरक काढायचा. सोपं वाटतं. पण हे मार्क पोराला पास-नापास ठरवायला असतात, तुमचा प्रयोग तोलायला नव्हे.

सगळ्यात महागात पडते ती गुणपत्रिकेवरची बेरीज जशीच्या तशी उचलणं. गणिताच्या 100 पैकी 80 लेखी, 20 अंतर्गत. एका शाळेत मी अंतर्गत मार्कांचं रजिस्टर चाळलं: 19, 20, 19, 19, 20, पानभर तेच. मास्तर म्हणाले, "पोरांचं नुकसान कशाला करायचं?" त्यांना दोष देववत नाही. पण अशा मार्कांत कोण किती शिकलं ते दिसतच नाही. त्यातून देणाऱ्याला ठाऊक असतं, जादा वर्ग आपल्याच शाळेत चाललेत. म्हणून फक्त लेखीचे मार्क घ्या. एकूण टक्केवारीही नको. पहिली भाषा 125 मार्कांची, म्हणजे मराठी माध्यमात गणितापेक्षा मराठीचंच वजन जास्त.

ग्रेड तर नकोच. 79 ला बी प्लस, 80 ला ए. आणि 60 वरून 69 वर आलेलं पोर बी वरच राहतं!

गेल्या वर्षीच्या निकालाशी ताडू नका. 2021 मध्ये कोरोनामुळे बहुपर्यायी पेपर झाले. 2024 मध्ये परीक्षा कॅमेऱ्यांखाली आली, निकाल घसरला, ग्रेस मार्क वाढवले. तुलना त्याच वर्षीच्या, जादा वर्ग न मिळालेल्या शाळांशीच. 2024 पासून वर्षात एकाहून जास्त परीक्षा होतात, तेव्हा पहिल्या परीक्षेचेच मार्क घेणार हे आधीच लिहून ठेवा.

सीमेवर आणखी एक भानगड. मध्येच महाराष्ट्रात चंदगडकडच्या शाळेत गेलेलं पोर महाराष्ट्र बोर्डाला बसतं. त्याचं नाव गुपचूप वगळू नका. दोन्ही गटांतून किती गळाले ते मोजा. आणि चिठ्ठी शाळेची निघाली असेल तर हिशेबही शाळांच्या संख्येवर करा, पोरांच्या नव्हे.

शेवटचं, मला सर्वांत जिव्हाळ्याचं. जादा वर्गात तुम्ही अपूर्णांक पक्के केलेत आणि बोर्डाच्या पेपरात आली वर्गसमीकरणं, त्रिकोणमिती. पोर शिकलं, पण मार्कांत उमटलं नाही. अशा वेळी अर्ध्या तासाची आपली चाचणीही घ्या, मराठीतून, आणि तपासणाऱ्याला पेपर कोणत्या शाळेचा ते कळू देऊ नका.