मुंबईच्या गॅलरीतली शेवंती : या चुका टाळा

मार्गशीर्षातले गुरुवार आले की दादर पश्चिमेच्या फूलबाजारात शेवंतीचे ढीग लागतात आणि नर्सऱ्यांमधून कळ्यांनी लगडलेल्या कुंड्या घरोघरी पोहोचतात. जानेवारी सरता सरता त्यातल्या बऱ्याचशा सोसायटीच्या कचऱ्यात पडलेल्या दिसतात. फुलं सुकली म्हणजे झाड संपलं, ही सगळ्यात मोठी चूक. शेवंती बहुवर्षायू आहे. बाकीची बाग दमलेली असते तेव्हा, म्हणजे पावसाळा उलटल्यावर, ती दरवर्षी फुलू शकते.

फुलं सुकली की दांडे मातीपासून चार-पाच इंच ठेवून कापून टाका. थोड्याच दिवसांत बुंध्याभोवती मातीतून नवे कोंब वर येतात. शेतकरी त्यांना काश्या म्हणतात. पुढच्या हंगामाचं झाड या काश्यांपासून करायचं. जुनं खोड दमलेलं असतं, त्याला धरून बसू नका. फेब्रुवारीत काश्या मुळांसकट अलगद सोडवून लहान कुंड्यांत लावा. एप्रिल-मे महिन्यांत त्यांना सकाळचं ऊन द्या आणि दुपारी सावलीत ठेवा. एवढं केलं तरी उन्हाळा निभावतो.

कुंडी आणली तशीच राहील, ही अपेक्षा

विकत आणलेली शेवंती बुटकी, गोल, गच्च भरलेली असते. त्या कुंडीत बहुतेक वेळा एकच झाड नसतं. तीन-चार कलमं एकत्र लावलेली असतात आणि उंची आटोक्यात राहावी म्हणून वाढरोधक औषध दिलेलं असतं. औषधाचा परिणाम ओसरला की पुढच्या वर्षी तेच झाड उंच, लांबोडकं वाढतं. लोकांना वाटतं झाड बिघडलं. ते बिघडलेलं नाही, त्याचे शेंडे खुडायची गरज आहे. रोप वीतभर झालं की टोकाची दोन-तीन पानं नखाने खुडा. बाजूने फांद्या फुटल्या की त्यांचेही शेंडे खुडा. ऑगस्टअखेर मात्र हात आवरा. सप्टेंबरच्या मध्यानंतर खुडलेला प्रत्येक शेंडा म्हणजे गेलेली कळी.

झाड हिरवंगार, पण कळीच नाही

ही तक्रार मुंबईत सर्वांत जास्त ऐकू येते. खत बदललं, माती बदलली, तरी कळी नाही. अशा वेळी मातीत काही शोधण्याआधी रात्री नऊ वाजता गॅलरीत जाऊन उभं राहा आणि कुंडीवर कुठला उजेड पडतोय ते बघा.

शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड रात्र लागते. मुंबईत जूनमध्ये दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो आणि डिसेंबरमध्ये अकरा तासांच्या आसपास येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री लांबत जातात, तेव्हा पानांना हंगाम बदलल्याची खूण मिळते आणि शेंड्यात कळी धरते. मात्र पेपर वाचता येईल इतका उजेड मध्यरात्री काही तास पानांवर पडला, तरी झाडाच्या लेखी रात्र मोडते आणि ते नुसती पानं वाढवत राहतं. पॉलिहाऊसमधले शेतकरी याचाच उपयोग करतात. दांडे पुरेसे लांब होईपर्यंत फूल थांबवायचं असलं की रात्री शेतात दिवे लावतात. आपल्याकडे तेच काम सोसायटीचा एलईडी, रस्त्यावरचा खांब किंवा पॅसेजमधली ट्यूबलाईट आपल्या नकळत करते.

आमच्या मजल्यावर जिन्यापाशी एक मोठी कुंडी आहे. पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू असतो. भिंतीच्या आडोशाला असलेल्या फांद्या पिवळ्या फुलांनी भरल्या, तेव्हा दिव्याकडच्या फांद्यांवर पानांशिवाय काही नव्हतं. कुंडी एक, माती एक, खत एक. बारकाईने पाहिलं तर उजेडातल्या शेंड्यांची टोकं अजून कोवळी पानंच उलगडत होती. अंधारातल्या शेंड्यांवर मात्र मुगाएवढ्या टणक कळ्या दाटीने बसल्या होत्या.

उपाय साधा आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच कुंडी अशा कोपऱ्यात न्या जिथे रात्री खरोखर अंधार असतो. दिवसा मात्र तिला पाच-सहा तास ऊन हवंच. एकाच जागी दोन्ही जमत नसेल तर संध्याकाळी सहा-साडेसहाला जाड काळ्या कापडाने झाका आणि सकाळी आठला उघडा. कापड काठ्यांवर ताणून तंबूसारखं घाला, पानांना टेकू देऊ नका, खालून हवा खेळू द्या. कळ्यांना रंग दिसेपर्यंत रोज झाकायचं. मध्येच चार दिवस सोडलं की आधीची मेहनत वाया जाते.

सगळं नीट करूनही फुलं लांबली तर घाबरू नका. ऑक्टोबर हीटमध्ये रात्रीही उकडतं आणि त्या उष्म्याने कळीची वाढ मंदावते. गारवा आला की ती वेग घेते.

पावसाळ्यात मुळं गुदमरवणं

सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. शेवंतीच्या मुळांना इतकं पाणी सोसत नाही. कुंडीखालची ताटली जूनमध्येच काढून टाका आणि कुंडी दोन विटांवर ठेवा. नुसती लाल माती भरू नका, ती पावसात चिखल होते आणि ऊन पडलं की दगड. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि जाड वाळू असं भुसभुशीत मिश्रण हवं. कुंडी आठ ते दहा इंचांची पुरते.

पानं मलूल दिसली की लोक आणखी पाणी घालतात. आधी बोट दोन पेरं मातीत घाला. ओल असूनही पानं मलूल असतील तर मुळं सडायला लागली आहेत. पाणी बंद करा आणि कुंडी पावसाआड न्या. खालची पानं काळे-तपकिरी डाग पडून वाळत जात असतील तर तो बुरशीचा रोग आहे. ती पानं तोडून कुंडीत न टाकता बाहेर फेका, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा आणि पाणी सकाळी, बुंध्याशीच घाला.

कळ्यांच्या दांड्यांवर काळा मावा बसतो. सुरुवातीलाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढा. तरी राहिलाच तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा.

खताचं म्हणाल तर कळ्या दिसल्यावर युरियासारखं नत्राचं खत पूर्ण बंद. नुसता पाला माजतो. जेवढ्या प्रेमाने आपण खत घालतो तेवढंच नुकसान होतं, आणि हे बघताना फार वाईट वाटतं.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा. शेवंतीची पानं-फुलं त्यांना बाधतात.

शेजारी गोल्डन रॉड लावायचा असेल तर

बुकेमध्ये भरीला असणारे पिवळे, पिसासारखे तुरे म्हणजे गोल्डन रॉड. मूळचा मुख्यतः उत्तर अमेरिकेचा आणि शेवंतीच्याच कुळातला. त्यालाही लहान दिवस लागतात, म्हणून दिव्याची काळजी तीच. त्याच्या परागामुळे शिंका येतात, हा समज चुकीचा आहे. पराग जड आणि चिकट असतात, ते वाऱ्यावर उडत नाहीत, कीटक नेतात. त्याच्याबाबत एक चूक मात्र अजिबात करू नका : शेवंतीच्या कुंडीत तो लावू नका. मातीखालून खोडं पसरवत तो दोन-तीन हंगामांत अख्खी कुंडी व्यापतो. त्याला स्वतंत्र कुंडी द्या आणि फुलं उतरली की गड्डा फोडून निम्मा भाग एखाद्या शेजाऱ्याला, पुन्हा कुंडीतच लावायला द्या. सोसायटीच्या मोकळ्या जमिनीत किंवा नाल्याकाठी टाकू नका. यातली कॅनडियन जात युरोप आणि चीनमध्ये रानोमाळ पसरून स्थानिक झाडांच्या मुळावर उठली आहे.